तेलविहिरीवरची नोकरी: पोराला पाठवावं का? (समुद्रातली रिग / आखात, अनुभव हवेत)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझा भाचा पलूस तालुक्यातला. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, सध्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. त्याला दोन ठिकाणांहून विचारणा आलीय. एक मुंबईच्या लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून, मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, ड्रिलिंग रिगवर रूस्टअबाउट (डेकवरचा हरकाम्या) म्हणून. दुसरी एका एजंटामार्फत, कुवेतच्या वाळवंटातल्या रिगवर. पगार दोन्हीकडे इथल्यापेक्षा बराच जास्त.

घरात दोन तट पडलेत. बहिणीचं म्हणणं, पाण्यातली नोकरी नको. मेहुण्यांच्या डोक्यावर द्राक्षबागेचं कर्ज आहे, त्यामुळे ते गप्प आहेत. पोरगा बॅग भरून बसलाय.

पगाराचा आकडा मला विचारायचा नाही, तो कागदावर आहे. तिथला दिवस कसा असतो? झोप, जेवण, काम, धोका, सुट्टी? आपल्या सांगली-साताऱ्याची बरीच पोरं या कामात आहेत असं ऐकते. ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांच्या घरचं माणूस तिथं आहे, त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

वांगीकर

पाठवा. एमआयडीसीत आठ तास उभं राहून काय मिळतं ते आपण सगळेच बघतोय.

डेरिकवाला

ताई, मी खटाव तालुक्यातला. रूस्टअबाउटपासून सुरुवात केली, आता डेरिकमन आहे, म्हणजे डेरिकवर, रिगच्या उंच मनोऱ्यावर, काम करणारा. जमेल तेवढं लिहितो.

जुहूहून हेलिकॉप्टरनं जायचं. आधी माणसाचं वजन, बॅगेचं वजन, सुरक्षेची माहिती, लाइफजॅकेट. मुंबई हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात ढग खाली आले की उड्डाण रद्द होतं, मग जाणारा जुहूला अडकतो आणि घरी यायची वाट बघणारा रिगवर.

ड्यूटी १२ तासांची. दुपारी १२ ते रात्री १२ किंवा सहा ते सहा. आठवडी सुट्टी नाही, रविवार आणि बुधवार सारखाच. केबिनमध्ये सहसा चारजण, दोन दिवसपाळीचे, दोन रात्रपाळीचे. त्यामुळे एकजण झोपलेला असताना दुसऱ्यानं दिवा लावायचा नाही, फोनवर बोलायचं नाही, हे न सांगता पाळलं जातं. जो पाळत नाही त्याच्याशी कुणी धड बोलत नाही.

रूस्टअबाउट म्हणजे डेकवरचा हरकाम्या. सप्लाय बोट आली की क्रेनखाली स्लिंग लावणं, लोंबकळणारा माल टॅगलाइननं धरणं, मडसाठी (विहिरीत सोडायच्या जड चिखलासाठी) बराइट या खनिजाच्या भुकटीची पोती फोडणं, गंज खरवडून रंग देणं, डेक धुणं. अंगावर कव्हरऑल, हेल्मेट, स्टीलटोचे बूट, कानात प्लग. मे महिन्यात त्या कव्हरऑलच्या आत काय होतं ते लिहून कळायचं नाही.

वर्ष-दोन वर्षांत माणूस नीट निघाला तर रिग फ्लोअरवर घेतात. तिथं खरं काम. ३० फुटी पाइप, एकेकाचं वजन अडीचशे किलोच्या वर. तीन जोडून ९० फुटांचा एक स्टँड. बिट (खडक फोडणारं टोक) झिजला की पाइपची सगळी माळ वर काढायची, बिट बदलायचा, परत सगळी खाली सोडायची. विहीर ३ हजार मीटर असली तर शंभरावर स्टँड काढायचे आणि तेवढेच घालायचे. नव्या रिगवर यंत्रं पाइप पकडतात आणि फिरवतात. जुन्या रिगवर अजून टाँग (पाइप फिरवायचा मोठा पाना) आणि स्लिप (पाइप धरून ठेवणारी पाचर) हातानंच. माझी जागा वर मंकी बोर्डवर, फ्लोअरपासून ८०-९० फुटांवर, कमरेला हार्नेस. वारा सुटला की अख्खा डेरिक हलल्यासारखा वाटतो. पहिल्या वेळी मी खाली बघितलं नाही, आता बघतो, समुद्र छान दिसतो.

बोटं सांभाळायला सांगा त्याला. या कामात सगळ्यात जास्त इजा हाताला होते. दोन लोखंडांच्या मध्ये हात कधीच नाही, पाइप थांबलेला असला तरी नाही.

आटपाडीचा

आमच्याकडं बोअर मारायच्या गाड्या येतात तामिळनाडूतल्या तिरुचेंगोड्याहून. रात्रभर चालू. ती पोरं गाडीखालीच झोपतात, तिथंच सांबार शिजवतात. हजार हजार फूट मारलंय आमच्या गावात, पाणी नाही. तेलाचं काम तसंच असतंय का हो, फक्त मोठं?

डेरिकवाला

नाही दादा, फार फरक आहे. बोअरच्या गाडीत कॉम्प्रेसरच्या हवेवर हॅमर चालतो आणि तीच हवा चुरा बाहेर फेकते. तेलाच्या विहिरीत पाइपमधून मड सोडतात. ते बिट थंड ठेवतं, चुरा वर आणतं आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या वजनानं खालचा गॅस दाबून ठेवतं. मडचं वजन कमी पडलं की खालून गॅस किंवा तेल आत शिरतं, त्याला किक म्हणतात. किक वेळेत ओळखून बीओपी (विहिरीच्या तोंडावरची मोठी झडप) बंद केला नाही तर ब्लोआउट, म्हणजे विहीर आवराबाहेर उसळते. आसामात बागजानला २७ मे २०२० ला ब्लोआउट झाला, ९ जूनला आग लागली, अग्निशमनाची दोन माणसं गेली. आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. पाण्याच्या बोअरवाल्यांची हालत मात्र आमच्यापेक्षा वाईट, हे मान्य. त्यांना ना हार्नेस, ना डॉक्टर, ना पाळी.

मिरजेची_सून

कृष्णाकाठताई, मी घरची बाजू लिहिते. माझे मिस्टर ओमानमध्ये जमिनीवरच्या रिगवर आहेत.

लोक म्हणतात, दोन महिने काम, एक महिना सुट्टी, मज्जा आहे. कागदावर ५६ दिवस काम आणि २८ दिवस सुट्टी आहे. पण त्यांचा रिलिव्हर (बदलीचा माणूस) आजारी पडला, व्हिसा अडकला, नोकरी सोडून गेला, की यांना 'आणखी थोडे दिवस थांबा' असा निरोप येतो. नाही म्हणायची सोय असते, पण पुढचं कॉन्ट्रॅक्ट डोळ्यांसमोर असतं. धाकट्याच्या बारशाला ते नव्हते. सासऱ्यांचं ऑपरेशन मी आणि दिरांनी निभावलं. गणपतीत आम्ही तासगावच्या रथाला जातो, तिथून मी व्हिडिओ कॉल लावते. नेट असेल तर दिसतं, नाहीतर नुसता आवाज.

ते घरी येतात तेव्हा पहिला आठवडा झोपेतच जातो, रात्रपाळीचं घड्याळ मोडायला वेळ लागतो. मुलं जवळ यायला थोडी बिचकतात. मग सगळं छान होतं, शेतात जातात, मुलांना शाळेत सोडतात, आणि तोवर तिकीट आलेलं असतं.

तक्रार म्हणून लिहीत नाहीये. घर बांधलं, नणंदेचं लग्न झालं, सगळं याच पैशातून. पण तुमच्या भाच्याचं लग्न व्हायचं असेल तर मुलीला हे सगळं आधी सांगा. लपवू नका.

अपशिंगेकर

ताई, आमचं गाव फौजींचं. घरोघरी हेच. बायका सगळं एकट्या चालवतात आणि चांगलं चालवतात. पण फौजीच्या मागं पेन्शन, कॅन्टीन, हॉस्पिटल उभं असतं. कॉन्ट्रॅक्टच्या पोरामागं कोण उभं आहे, एवढंच बघा.

अजिंक्यतारा७

माझं स्पष्ट मत: पाठवू नका. १७ मे २०२१ विसरलात का? तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज (समुद्रातल्या कामगारांची राहायची सपाट बोट) बुडाली. २६१ माणसं होती, नौदलानं १८६ वाचवली. सत्तरहून जास्त गेली, बहुतेक कॉन्ट्रॅक्टवरची, तुमच्या भाच्यासारखी. वादळाचा इशारा आधीच आलेला होता. पगार घेऊन काय करायचंय?

सेफ्टी_काका

मी सुरक्षा विभागातून निवृत्त झालो, आता साताऱ्यात असतो. अजिंक्यतारांचा संताप मला पटतो. पण 'समुद्र धोक्याचा' एवढ्यावर विषय संपवू नये. त्या दिवशी बार्ज कुठं ठेवायची हे आतल्या वेल्डरनं किंवा फिटरनं ठरवलं नव्हतं. त्याला विचारलंच जात नाही, खरा आजार तो.

२७ जुलै २००५ घ्या. मुंबई हाय नॉर्थ. मदतीच्या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली. त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ आणलं, ते लाटेनं गॅसच्या रायझरवर (समुद्रतळातून वर येणाऱ्या पाइपवर) आदळलं. रायझर फुटला आणि दोन तासांत प्लॅटफॉर्म जळून गेला. एकूण ३८४ माणसं होती, २२ गेली. तपशील बघा: रायझर ज्या बाजूला उघडे होते, त्याच बाजूला पावसाळ्यातल्या समुद्रात जहाज लावलं गेलं.

आणि ६ जुलै १९८८, उत्तर समुद्रातला पायपर अल्फा प्लॅटफॉर्म. एका पंपाची सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेली होती. दिवसपाळीनं तसा परमिट (कामाचा लेखी परवाना) भरला, पण रात्रपाळीला तो कळलाच नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. १६७ माणसं गेली. नंतरच्या चौकशीतून १०६ शिफारशी आल्या, आणि आज जगभर जी परमिटची आणि पाळी बदलताना समोरासमोर बोलून ताबा देण्याची कडक पद्धत आहे, ती त्यातून रुजली.

म्हणून भाच्याला सांगा: पाळी घेताना घाई करायची नाही. आधीच्यानं काय उघडं टाकलंय, काय अर्धवट आहे, हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय लोखंडाला हात लावायचा नाही. दुसरं, हायड्रोजन सल्फाइड, विहिरीतून येणारा विषारी वायू. कुजक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं, वास येणंच थांबतं. 'वास गेला म्हणजे गॅस गेला' असं समजून माणसं मेलीत. मीटर वाजला की वाऱ्याची दिशा बघून आडवं आणि मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला निघायचं. पडलेल्या दोस्ताला उचलायला मास्क न लावता परत जायचं नाही. हे सांगताना जीव तुटतो, पण दुसरं प्रेत तिथंच पडतं.

पाटणकर

सगळे समुद्राकडं आणि आखाताकडं बघताय, रिग आपल्या जिल्ह्यातही येऊन गेलीय. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला गोठण्याला ३ किलोमीटर खोल विहीर पाडली, २०१६च्या डिसेंबरापासून २०१७च्या जूनपर्यंत. कराडला हजारमाचीत त्यांची संशोधन संस्था आहे.

वांगीकर

तेल लागलं का मग?

पाटणकर

तेल शोधायला नव्हतीच. १९६७च्या ११ डिसेंबरला भूकंप झाला, तेव्हापासून इथं धक्के थांबलेले नाहीत. ते कुठून येतात हे खडकात उतरून बघायचं होतं. सव्वा किलोमीटर काळा बसाल्ट लागला, त्याखाली थेट ग्रॅनाइट. तेल गाळाच्या खडकात मुरतं, आपल्या पायाखाली लाव्हा आहे. म्हणून तर आपल्या पोरांना त्यासाठी लांब जावं लागतं.

भाकरी_आणि_ब्रेड

कुणी जेवणाचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी कराडचा, रिगवर गॅलीत कुक आहे. आम्ही दिवसातून चार वेळा पंगत वाढतो, मध्यरात्रीसुद्धा. पहाटे तीनला ब्रेड भट्टीत जातो. शंभरएक माणसं, त्यात पंजाबी, मल्याळी, बंगाली, आपली मराठी, दोन-तीन परदेशी. भात-सांबार, पराठा, मासे, चिकन, गोड, सगळं असतं. जेवणाला नावं ठेवणारी रिग फार दिवस शांत राहत नाही, हे कॅम्प बॉसला पक्कं ठाऊक असतं.

सांगलीकडच्या पोरांसाठी मी अधूनमधून ज्वारीच्या भाकऱ्या आणि खर्डा करतो. त्या रात्री गॅलीबाहेर रांग लागते, त्यात पंजाबीही असतात. दारू अजिबात नाही, काडेपेटी-लायटर हेलिकॉप्टरमध्ये चढायच्या आधीच काढून घेतात. सिगारेट ओढायला एकच बंद खोली. व्यसन सुटलेली पोरं मी पाहिली आहेत. वजन वाढलेलीही पाहिली आहेत, कारण फुकटचं गोड रोज समोर येतं. भाच्याला व्यायामशाळा वापरायला सांगा.

फ्लोअरहँड_तासगाव

काकांनी सुरक्षेचं सगळं बरोबर लिहिलंय. एक गोष्ट मात्र मी लिहितो, कारण ती मी भोगलीय.

प्रत्येक रिगवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: काम धोक्याचं वाटलं तर कुणीही थांबवू शकतो. खिशात कार्डही देतात. एका रिगवर टाँगच्या वायरची दोन-तीन तारं तुटलेली दिसली. मी हात वर केला. ड्रिलरनं लगेच थांबवलं, वायर बदलली, टूलपुशरनं (रिगवरच्या मुख्य साहेबानं) सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मला अभिमान वाटला.

मग कॉन्ट्रॅक्टर बदलला, मी दुसऱ्या रिगवर गेलो. तिथं वारा बोचरा होता, क्रेननं माल उतरवायचा चाललेला, टॅगलाइनवर माणूस कमी. मी तसाच हात वर केला. काम थांबलं, तासाभरानं नीट झालं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. रिगवरची खेप संपली, घरी आलो, आणि पुढच्या बोलावण्याचा फोन आलाच नाही. विचारलं तर 'सध्या जागा नाही.' माझ्या जागी दुसरा गेला होता, हे मला त्याच रिगवरच्या दोस्तानं सांगितलं.

दोन्ही ठिकाणी कार्ड तेच होतं. फरक एवढाच की पहिल्या ठिकाणी मी रिगच्या कंपनीच्या पगारावर होतो आणि दुसऱ्या ठिकाणी माणसं पुरवणाऱ्याच्या. एकाच टेबलावर जेवणाऱ्या दोन माणसांपैकी एक १४ दिवसांनी घरी जातो, दुसरा महिना झाला तरी तिथंच असतो. थकलेला माणूस धोका उशिरा बघतो, आणि बघितला तरी भीतीपोटी बोलत नाही. काका, परमिट आणि शिफारशी सगळ्या या एका गोष्टीवर येऊन अडतात.

सेफ्टी_काका

तासगावकर, तुमच्याशी वाद नाही. मी नोकरीत असताना हेच तोंडानं मांडत आलो, आज लिहितोही. जो माणूस बोलल्यामुळे घरी बसतो, त्याच्यानंतर त्या रिगवर कुणी बोलत नाही. एक मात्र सांगतो: जमिनीवरची तेलविहीर कायद्यानं खाण धरली जाते. तिथं खाण सुरक्षा महासंचालनालयाकडं कॉन्ट्रॅक्टचा कामगारही तक्रार करू शकतो; समुद्रातल्या रिगची सुरक्षा ओआयएसडी ही सरकारी संस्था बघते. कॉन्ट्रॅक्टरनं पगार थकवला तर मूळ कंपनीची जबाबदारी येते. हे पोरांना कुणी सांगत नाही.

अजिंक्यतारा७

तासगावकरांचं वाचून माझं मत जरा बदललं. समुद्र नको म्हणण्यापेक्षा कुणाच्या पगारावर जायचं ते बघा, हे जास्त बरोबर आहे.

विट्याचा_गल्फवाला

कुवेतबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमच्या भागातली माणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात देशभर गेली, मी मात्र रिगवर गेलो.

एजंटाचं आधी. ई-मायग्रेट या सरकारी साइटवर त्याचा परवाना क्रमांक टाकून बघा. सापडला नाही तर तिथंच विषय संपवा. नोंदणी असलेल्या एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी घेता येतं. लाख-दीड लाख मागत असेल तर ते बेकायदा आहे. व्हिजिट व्हिसावर 'जाऊन बदलून घेऊ' म्हणाला तर उठून या. आणि एक लक्षात घ्या, भाचा दहावीच्या पुढं शिकलाय म्हणजे त्याच्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स (कामासाठी परदेशी जायची सरकारी मंजुरी) लागत नाही. लोकांना ती सोय वाटते, पण त्यामुळे कमी शिकलेल्याच्या करारावर जी सरकारी नजर पडते, ती याच्या करारावर पडत नाही. त्यानं स्वतःच डोळ्यांत तेल घालून वाचायचा.

काम वाळवंटात, कॅम्प पोर्टाकॅबिनचा. एसी बंद पडला तर झोप नाही. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट, सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर कामाला बंदी आहे, पण रात्रीही अंगातून पाणी गळत असतं. धुळीचं वादळ आलं की समोरचा माणूस दिसत नाही. रिग मूव्ह असेल तेव्हा सगळं उचलून ट्रकवर लादायचं आणि पुढच्या विहिरीवर परत उभं करायचं. ते दिवस सगळ्यात दमवणारे. पासपोर्ट मालकाकडं देऊ नका, स्वतःजवळ ठेवा.

बागायतदार_सावळज

सगळं वाचलं. मेहुण्यांबद्दल वाटलं म्हणून लिहितो. बाग म्हणजे काय ते मला माहीत आहे. एक अवकाळी, एक गारपीट, आणि वर्षाचं सगळं जातं. पोराच्या पगारातून कर्ज फिटेल, पण त्यानं कर्जासाठी नाही म्हणायची ताकद गमावू नये. पहिले काही पगार घरात न देता त्याच्या नावावर राहू द्या. हातात सहा महिने निघतील एवढा पैसा असला, की तासगावकरांसारखा हात वर करताना तो कचरणार नाही.

मिरजेची_सून

बागायतदार दादा, हे शंभर टक्के खरं. आम्ही हे उशिरा शिकलो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा बहिणीला वाचून दाखवला. तासगावकरांचा अनुभव वाचताना मेहुणे उठून बाहेर गेले आणि परत येऊन म्हणाले, कर्जाचं मी बघतो, त्याला त्याच्या मनानं ठरवू दे.

कुवेतचा विषय संपवला. त्या एजंटाचा क्रमांक साइटवर सापडला नाही.

मुंबईच्या कॉन्ट्रॅक्टरला भाच्यानं प्रश्न लिहून पाठवले. पीएफ आणि विमा लेखी कळवला. बोसिएटच्या (समुद्रावर जायच्या आधीच्या सुरक्षा प्रशिक्षणाच्या) कोर्सचा खर्च आधी यानं करायचा, नंतर पगारातून परत देऊ म्हणतात. पण रोटेशनपुढं (किती दिवस काम, किती दिवस सुट्टी) लिहिलंय, '२८/२८ अथवा कामाच्या गरजेनुसार'. हे चालतं का? आणि त्या कोर्सात हेलिकॉप्टर पाण्यात उलटं करतात म्हणे, बहिणीला तेवढं सांगवत नाहीये.

डेरिकवाला

ताई, हेलिकॉप्टरचं काळजीचं नाही. तलावात नुसता सांगाडा असतो, शेजारी पाणबुडे थांबलेले असतात. उलटं झाल्यावर हालचाल थांबेपर्यंत बसून राहायचं, एक हात खिडकीच्या कडेवर, मग खिडकी ढकलायची, मग पट्टा काढायचा, बाहेर. कृष्णेत पोहलेल्या पोराला जड नाही. प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. पैसे द्यायच्या आधी सेंटरची मान्यता तपासा, आणि 'परत देऊ' हे ऑफर लेटरमध्ये महिन्यासकट लिहून घ्या.

फ्लोअरहँड_तासगाव

'गरजेनुसार' चालत नाही. तिथं दोन गोष्टी मागा: जास्तीत जास्त किती दिवस, आणि २८च्या वरच्या प्रत्येक दिवसाचा दर किती. दर लिहिला की गरज आपोआप कमी होते. आणि रिगची कंपनी कोणती ते नावानिशी विचारा, तिथं आपल्याकडची दोघं-तिघं सापडतील, मी शोधून देतो.

कृष्णाकाठ

विचारायला सांगते. रिगचं नाव कळलं की तुम्हाला निरोप पाठवते, दादा.

शिराळ्याचा_वेल्डर

धाग्यात घुसतो, माफ करा. माझा भाऊ वेल्डर आहे, ६जी ही पाइप वेल्डिंगची अवघड टेस्ट पास आहे. त्याला रिगऐवजी पाइपलाइन बार्जवर बोलावलंय. तिथंही हेच प्रश्न विचारायचे का?

सेफ्टी_काका

हेच, आणि एक जास्तीचा: वादळाचा इशारा आला तर बार्ज बंदरात आणायचा निर्णय कोण घेतो. उत्तर कुणा माणसाच्या हुद्द्यासकट मिळालं पाहिजे.